शिडीच्या या चुका टाळा: खाली उभी राहून धरणारीचं ऐका

आमच्या घरात वर चढणारे हे आणि खाली शिडी धरणारी मी. गेली पंचवीस वर्षं हीच वाटणी आहे. पंखे पुसणं, ट्यूब बदलणं, माळ्यावरून गणपतीचं मखर काढणं, दिवाळीत कंदील टांगणं, सगळीकडे मी खाली. वर चढलेल्याला पंखा दिसतो, खालच्याला शिडी दिसते. शिडीच्या पायाचा रबरी बूट सरकतोय का, दांडा लवतोय का, माणूस किती बाहेर झुकलाय, हे वरून कधीच कळत नाही. त्यात विक्रोळीच्या आमच्या चार मजली, बिनलिफ्टच्या बिल्डिंगची मी सेक्रेटरी, म्हणजे जिन्याखालची सोसायटीची शिडीही माझ्याच गळ्यात.

इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. मुंबईत शिडी घेताना छत किती उंच आहे ते कोणी बघत नाही, दारामागे किती जागा आहे ते बघतात. मग जी उंची कमी पडते ती चवड्यांवर उभं राहून भरून काढतात. माझ्या डोळ्यांदेखत जे जे घसरले, त्यातल्या बहुतेकांची शिडी धडधाकट होती.

दारामागे मावली म्हणून घेतली

दुकानात जाण्याआधी साधा हिशोब करा. सरळ उभं राहून हात वर केला की तो साधारण आपल्या उंचीच्या सव्वापट पोचतो. तुमची उंची ५ फूट ४ इंच असेल, तर हात ६ फूट ८ इंचांवर. छत ९ फुटांवर असेल, तर पाय जमिनीपासून किमान सव्वादोन-अडीच फुटांवर हवेत. घरगुती शिडीच्या दोन पायऱ्यांमध्ये साधारण नऊ-दहा इंच असतात, म्हणजे तिसऱ्या पायरीवर उभं राहायचं.

इथेच लोक फसतात. तिसरी पायरी लागणार म्हणून तीन पायऱ्यांची शिडी घेऊन येतात. ज्याला पेंटर लोक घोडा म्हणतात, त्या दुहेरी शिडीच्या वरच्या दोन पायऱ्या उभं राहण्यासाठी नसतातच. त्यांवर उभं राहिलं की गुडघ्याशी टेकायला काही उरत नाही. म्हणून तिसरीवर उभं राहायचं तर पाच पायऱ्यांचा घोडा घ्या. वर रुंद फळी आणि पुढे पकडायला कमान असलेली शिडी असेल, तर त्या फळीवर उभं राहता येतं, मग चार पायऱ्या पुरतात. दुकानदार फळीलाही पायरी धरून मोजतो, ते विचारून घ्या. माझ्या माहेरी गिरगावात छत साडेअकरा फूट आहे. तिथे आमची शिडी नेली की ती स्टूलच वाटते.

आम्ही आमची शिडी नागदेवी स्ट्रीटवरून आणली. ऑनलाइन स्वस्त मिळते, पण शिडी हात लावून घ्यायची वस्तू आहे. दुकानाच्या फरशीवर पूर्ण उघडायला लावा. चारही बूट एकाच वेळी टेकतात का बघा. दुसऱ्या पायरीवर चढून अंग डावी-उजवीकडे हलवा. थोडी लवचीकता चालते, पण करकर वाजली किंवा एक पाय उचलला गेला तर नको. पायरी दांड्याला जोडणाऱ्या खिळीवरून, म्हणजे रिव्हेटवरून, नख फिरवा, ढिलं रिव्हेट बोटाला लगेच कळतं. किती किलो वजन पेलते ते लेबलवर वाचा. ९० किलो पेलणारी शिडी आणि ८२ किलोचा माणूस, म्हणजे सगळं ठीक असं वाटतं. पण हातात ड्रिल, खिशात पक्कड आणि वर दहा लिटर रंगाची बादली असेल, तर नुसती बादलीच तेरा-चौदा किलो भरते. १५० किलो पेलणारी घ्या. थोडी जड असते, पण निर्धास्त.

आणताना मस्जिद स्टेशनवरून लोकलच्या मालडब्यातून आणावी असा ह्यांचा बेत होता. मी टेम्पो करायला लावला. प्लॅटफॉर्मच्या वर २५ हजार व्होल्टची तार आहे, आणि गर्दीत माणूस लांब वस्तू सोयीसाठी उभी धरतो. अॅल्युमिनियमची शिडी तिथे उभी धरायचा प्रश्नच येत नाही.

टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकून आखूड होणाऱ्या शिडीबद्दल एवढंच, की ती बहुतेकदा टेकवायची शिडी असते. बंद केली की कपाटाशेजारी राहते म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या एकांनी घेतली. घरी आल्यावर लक्षात आलं की हॉलच्या मधोमध पंखा आहे आणि तिथे टेकवायला भिंत नाही. शेवटी त्यांनी ती पंख्याच्याच दांड्याला टेकवायला काढली. नशीब, माझ्याकडे स्क्रू ड्रायव्हर मागायला आले होते!

घोडा न उघडता भिंतीला टेकवणं

ही आमच्या घरातली चूक आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. आमचा पॅसेज तीन फूट रुंद आणि माळा त्याच्यावर. तिथे घोडा पूर्ण उघडला की बाथरूमचं दार अडतं. म्हणून वर्षानुवर्षं तो मिटलेलाच भिंतीला टेकवून हे चढायचे. एकदा गणपतीच्या आधी मखराची पिशवी ओढताना खालचे बूट एकदम पुढे आले. मी दोन्ही हातांनी धरलं होतं, तरी आले. हे सरळ शिडीबरोबर खाली, नडगी सोललेली, पिशवी माझ्या डोक्यावर. भिंतीवर शिडी घसरल्याची काळी रेघ अजून आहे. मी मुद्दाम रंगवून घेतली नाही.

नंतर शिडी आडवी ठेवून बघितलं तेव्हा उलगडा झाला. घोड्याचे बूट उघड्या स्थितीत सपाट टेकावेत अशा तिरक्या बेतानं बसवलेले असतात. मिटवून टेकवलं की त्यांची नुसती कड जमिनीला लागते. त्यातून आमचा एक बूट झिजून आतलं अॅल्युमिनियम उघडं पडलं होतं, आणि खाली गुळगुळीत टाइल्स. मी धरून काहीच उपयोग नव्हता. हे बूट सुटे मिळतात, शिडी फेकायची गरज नसते. बदलताना चारही बदला, नाहीतर शिडी लंगडते.

टेकवायचीच असेल तर टेकवायची शिडी वापरा आणि चारास एक हा हिशोब ठेवा. शिडी जिथे टेकते ती जागा आठ फुटांवर असेल, तर पाया भिंतीपासून दोन फूट लांब. टेप नको. शिडीच्या पायाशी आपले अंगठे लावून ताठ उभं राहा आणि हात समोर सरळ करा. तळवे पायरीला सहज लागले तर उतार बरोबर आहे. हात वाकवावा लागला तर शिडी फार उभी आहे, ती मागे येईल. पोचलेच नाहीत तर फार आडवी आहे, ती पायातून सरकेल. आमच्या पॅसेजमध्ये हे बसतं. सात फुटांच्या माळ्याला पावणेदोन फूट लागतात आणि जागा तीन फूट आहे. म्हणजे अडचण जागेची नव्हतीच.

कठड्याशेजारी स्टूल

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात संध्याकाळी आमच्या कॉलनीत चालत गेलात तर हे हमखास दिसेल. गॅलरीत प्लॅस्टिकचं स्टूल, त्यावर घरातला कोणीतरी, एका हातात कंदील, दुसऱ्या हातात वायर, आणि खालून तिघं सांगतायत, "थोडा डावीकडे, अजून थोडा." स्टूल डगमगलं तर काय, याचा विचार सगळे करतात. कठड्याचा कोणी करत नाही.

कठडा साधारण साडेतीन फुटांचा असतो, म्हणून तो कमरेच्या वर लागतो आणि आपल्याला अडवतो. दीड फुटाच्या स्टुलावर चढलात की तोच कठडा पायांपासून दोनच फूट वर राहतो, म्हणजे गुडघ्याच्या जरा वर. आता तोल गेला तर तो अडवत नाही, पायात येतो. चाळीतल्या अरुंद गॅलरीत शिडी लावणाऱ्यांचं तेच. उताराला जागा नाही म्हणून शिडी जवळजवळ उभी लावतात, आणि ती मागे गेली तर माणूस गॅलरीत पडत नाही, कठड्यावरून खाली जातो. तिथे शिडीवरून पडण्याची उंची शिडीएवढी नसते, तुम्ही ज्या मजल्यावर आहात तेवढी असते.

आमच्याकडे यावर उपाय सोपा निघाला. गॅलरीच्या छतातल्या हुकाला एकदाच कप्पी बसवून घेतली. तीही वायरमनने आतल्या बाजूनं, कठड्यापासून लांब घोडा उघडून बसवली. आता कंदील जमिनीवर उभं राहून दोरीनं वर ओढतो, दोरी खिळ्याला गुंडाळतो, बस. कपडे वाळत घालायच्या दांड्यासारखंच. खिडकीच्या बाहेरच्या काचा पुसायच्या असतील तर लांब दांड्याचा वायपर आणा. कठड्याजवळ स्टूल नको म्हणजे नको, मग ते कितीही भक्कम असो.

"झालंच, एक स्क्रू राहिलाय"

हे वाक्य ऐकलं की मी ओरडते. कारण तेव्हा माणसाचं अर्धं अंग शिडीच्या बाहेर असतं.

"अहो, आधी उतरा. शिडी सरकवू."

"अगं, हात पोचतोय की!"

हात पोचतो, पण पोट कुठे आहे ते बघा. पँटच्या पट्ट्याचं बक्कल शिडीच्या दोन दांड्यांच्या मधे असलं पाहिजे. ते एका दांड्याच्या बाहेर गेलं की शिडी त्या बाजूला कलणार, मी खाली धरो वा न धरो. उतरायला, फूटभर सरकवायला आणि परत चढायला अर्धं मिनिट लागतं. दोन पाय आणि एक हात, नाहीतर दोन हात आणि एक पाय, एवढे तीन टेकू चढताना-उतरताना शिडीवर असलेच पाहिजेत. म्हणून सामान हातात धरून चढू नये. ते पिशवीत घालून गळ्यात अडकवा किंवा खालच्यानं वर द्यावं.

पेंटर लोक घोड्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसतात आणि कमरेनं झटके देत घोडा खोलीभर चालवतात. बघायला मजा येते, आणि त्यांना ते जमतंही. पण दोन बाजू जोडणारी साखळी किंवा पट्टी तुटकी असेल तर घोडा मधूनच फाकतो. आमच्या सोसायटीत काम करणाऱ्याला मी आधी ती साखळी दाखवायला लावते. सुतळीनं बांधलेली असेल तर आमची शिडी देते.

धरणाऱ्यांनाही चार शब्द. शिडीकडे तोंड करून उभं राहा, दोन्ही दांडे धरा, एक पाय खालच्या पायरीवर ठेवा. मोबाइल बघायचा नाही, आणि तोंड वर करून गप्पाही नाहीत, डोळ्यात चुना पडतो. ओल्या फरशीवर मात्र तुमच्या धरण्याचा भरवसा धरू नका. फरशी पुसून कोरडी करा, किंवा वरचं टोक बांधा.

वीज

मेन स्विच बंद, नुसतं पंख्याचं बटण नाही. अॅल्युमिनियममधून वीज वाहते. ओल्या बांबूमधूनही वाहते, हे फारसं कोणाला ठाऊक नसतं. विजेचं काम नेहमीचं असेल तर फायबरग्लासची शिडी घ्यावी, आणि तीही कोरडी.

गच्ची, टाकी आणि पाऊस

मे महिन्याच्या शेवटी ताडपत्री घालायला गच्चीच्या पत्र्यावर चढायची घाई असते. त्या शिडीचं टोक कडेच्या वर तीन फूट तरी जायला हवं, म्हणजे वरून उतरताना पकडायला काहीतरी असतं. आणि ते दोरीनं बांधायचं. वाऱ्याच्या एका झोतानं शिडी पडली तर वर अडकून बसावं लागतं, ते निराळंच. पावसाळ्यात शेवाळावर शिडी ठेवू नका. बूट रबरी असोत नाहीतर कसलेही, तिथे घासून काढण्याला पर्याय नाही.

टाकीची लोखंडी शिडी हा सोसायट्यांचा दुबळा दुवा. डासांच्या अळ्या बघायला पालिकेचे लोक त्यावरूनच टाकीवर चढतात, टाकी धुणारेही. खारी हवा तिला आतून खाते आणि कमिटी वरून रंग मारते. दरवर्षी पावसाआधी मी वॉचमनला हातोडीनं प्रत्येक पायरी ठोकायला सांगते, विशेषतः भिंतीत जिथे ती शिरते तिथे. खणखणीत वाजली तर ठीक. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले, तर वेल्डरला फोन.

बांबूच्या शिडीलाही रंग लावू नये, लाकडीलाही नाही. रंगाखाली चीर दिसत नाही. बांबूवर बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर आत किडा आहे. पायऱ्या काथ्यानं बांधलेल्या असतील तर चढण्याआधी एकेक हातानं पिळून बघा.

राहता राहिलं ते उतरणं. पाठ शिडीकडे करून, जिन्यावरून उतरल्यासारखं उतरायचं नाही. स्लिपर नकोत, ओले पाय नकोत, साडी किंवा लुंगी असेल तर नीट खोचलेली. उपवासाच्या दिवशी, किंवा बीपीची गोळी नुकतीच बदलली असेल तर चढूच नका. वर मान करून काम करताना गरगरतं. कोणी पडलंच, आणि पाठ-मान दुखते म्हणालं, तर उचलून बसवू नका. तसंच पडून राहू द्या आणि १०८ ला फोन करा.

ह्यांना शेवटची पायरी न दिसण्याची खोड आहे. जमीन आली असं समजून पाय टाकतात, आणि अजून एक पायरी बाकी असते. दोनदा घोटा मुरगळला. शेवटी मी खालच्या पायरीला पिवळा ऑइलपेंट दिला. आमची शिडी अॅल्युमिनियमची आहे, तिला तेवढं चालतं. आता हे उतरायला लागले की मी खालून ओरडते, "पिवळी!"