वर्गातल्या माशाची गोष्ट लिहायचीये? मग हे बघा

तिसरी-चौथीच्या पोरांसाठी वर्गातल्या प्राण्याची गोष्ट लिहायची म्हटलं की सगळ्यांना आधी हॅमस्टर सुचतो. पण तो दिवसभर झोपतो आणि जागा होतो शाळेला कुलूप लागल्यावर, म्हणजे वर्ग त्याला दिसणारच नाही. पोपट, स्टार कासव तर नकोच, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते पाळायला बंदी आहे आणि पोरं वाचून झाली की तेच मागतात.

मी गप्पी घेतली. कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारात मिळते, डासांच्या अळ्या खाते म्हणून महापालिकासुद्धा पाण्यात सोडते, त्यामुळे पोरांना नाव माहीत असतं. आणि हिच्यात गोष्ट आयतीच आहे! गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, आणि नराचं बीज पोटात कित्येक महिने साठवून ठेवते. म्हणजे बरणीत एकटी मादी, आणि सोमवारी सकाळी आत दहा-बारा टिकल्या पोहतायत. "बाई, ही तर एकटीच होती ना, मग ही कुठून आली?" इथून पहिलं प्रकरण सुरू करा. आई स्वतःचीच पिल्लं खाते हे लपवू नका हं, पिल्लांना लपायला जागा हवी म्हणून पोरं पाणवनस्पती शोधायला धावतील, तेच दुसरं प्रकरण.

मासाच गोष्ट सांगतोय तर त्याला जे कळेल तेवढंच लिहा. मी पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं "मी डोळे मिचकावले", भाचीने लगेच पकडलं, माशाला पापण्या असतात का गं मावशी? घंटा टेबलातून पाण्यात कशी येते ते लिहा: "टण्ण झालं आणि माझं सगळं अंग शहारलं." आणि "मुलांनो, खोटं बोलू नये" असं मासा बोलायला लागला की समजा बाईच बोलतायत, खोडा.

संकट वाईट पोरामुळे आणू नका, प्रेमळ पोरामुळे आणा. कुणीतरी स्वच्छ पाणी म्हणून थेट नळाचं ओततं, त्यात क्लोरीन, मासे वर येऊन तोंडं उघडतात, मग आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीसाठी धावाधाव.

शनिवारी बरणी एकेकाच्या घरी पाठवा. एकदा लालबागच्या चाळीत, गॅलरीत, एकदा कांदिवलीला चौदाव्या मजल्यावर, मध्ये लेडीज डब्यातला प्रवास, मांडीवर बरणी आणि अख्खा डबा वाकून बघतोय. मी तर यावर सगळ्यात जास्त पानं लिहिली.

झालं की एका आठ वर्षांच्या पोराला मोठ्याने वाचून दाखवा आणि तो जिथे पंख्याकडे बघायला लागला तिथे पेन्सिलीने फुली मारा. माझ्या सात आल्या.