डब्ल्यूटीओ, आयएमएफ, वर्ल्ड बँक: लिहिताना हमखास होणाऱ्या या चुका टाळा

'आयात शुल्क वाढवायला डब्ल्यूटीओने परवानगी नाकारली.' तपासायला आलेल्या लेखात असं वाक्य दिसलं की माझं पेन तिथेच अडखळतं. परवानगी मागितली कोणी, आणि कोणाकडे? डब्ल्यूटीओ म्हणजे जागतिक व्यापार संघटना. तिच्या जिनिव्हाच्या कचेरीत शुल्कावर सही करणारा कोणी साहेब बसलेला नाही. देशांनी आपसात केलेले करार सांभाळायचे, वाटाघाटींना जागा द्यायची, भांडण झालं तर पंच बसवायची सोय करायची, एवढंच तिचं काम. निर्णय घेतात ते सदस्य देश. तेही सर्वसहमतीने, म्हणजे १६६ जणांपैकी एकजण अडून बसला तरी गाडी जागची हलत नाही.

या विषयावरच्या निम्म्या चुका माझ्या मते अशाच असतात: वाक्याचा कर्ताच चुकलेला असतो. तो कसा पकडायचा, ते पुढे सांगतो.

शुल्काचे दोन दर असतात

प्रत्येक सदस्य देशाने मालागणिक शुल्काची कमाल मर्यादा कबूल केलेली असते. तो झाला बांधील दर. बंदरावर खरोखर आकारला जातो तो चालू दर. समजा, एखाद्या मालावर बांधील दर ४० टक्के आहे आणि देश सध्या १० टक्के घेतो. उद्या त्याने २५ टक्के केले, तर निर्यात करणारे आरडाओरडा करतील, पण नियम मोडलेला नाही. ४५ टक्के केले तर मोडला. तरीही जिनिव्हाहून नोटीस येत नाही. ज्याचं नुकसान झालं त्या देशाच्या सरकारला तक्रार करावी लागते. कंपनीला हे दार उघडं नाही, तिने आधी आपल्या सरकारचे उंबरठे झिजवायचे. म्हणून 'शुल्कवाढ बेकायदेशीर' असं लिहिण्याआधी त्या मालाचा बांधील दर पाहा. बहुतेक लेखक तो पाहतच नाहीत.

'मोस्ट फेव्हर्ड नेशन' हे नावही असंच फसवं. वाटतं खास लाड, असतो उलटाच प्रकार: एका सदस्याला दिलेली सवलत सगळ्या सदस्यांना द्यायची. मुक्त व्यापार करारांना त्यातून वाट काढून दिलेली आहे, ते वेगळं.

निकाल लागला म्हणजे वाद मिटला, असं नाही

अँटिग्वा आणि बार्बुडा हा चिमुकला देश ऑनलाइन जुगाराच्या प्रश्नावर २००३ मध्ये थेट अमेरिकेविरुद्ध गेला आणि मुख्य मुद्द्यावर जिंकला. अमेरिकेने निकाल नीट पाळला नाही. मग २००७ मध्ये लवादाने अँटिग्वाला वर्षाला २.१ कोटी डॉलरपर्यंत प्रत्युत्तराची मुभा दिली. तीही अमेरिकेच्या बौद्धिक संपदा हक्कांचं संरक्षण तेवढ्यापुरतं थांबवून, कारण एवढ्याशा देशाने अमेरिकी मालावर शुल्क लावलं तर भुर्दंड त्याच्याच लोकांना. मुभा मिळणं आणि ती अंगाला न लागता वापरता येणं, यात किती अंतर आहे ते इथे दिसतं.

शिवाय डिसेंबर २०१९ पासून अपील ऐकणारं मंडळच ठप्प आहे. अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवून धरल्या. त्यामुळे हरलेला देश अपील करून प्रकरण लटकत ठेवू शकतो. 'डब्ल्यूटीओचा अंतिम निर्णय' असे शब्द लिहिताना तो २०१९ च्या आधीचा की नंतरचा, हे बघाच.

'मदत' या शब्दाची फोड करा

आंतरराष्ट्रीय नाणेनिधी (आयएमएफ) आणि जागतिक बँक दोन्ही १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेतून निघाल्या, दोघींची मुख्यालयं वॉशिंग्टनमध्ये. म्हणून एकीचं काम सर्रास दुसरीच्या खात्यावर टाकलं जातं. परकीय चलनाची गंगाजळी आटली, आयातीची बिलं थकायला लागली की देश नाणेनिधीकडे जातो. ही वेळ फक्त गरिबांवर येते असंही नाही. १९७६ मध्ये ब्रिटनने ३९० कोटी डॉलर मागितले होते. रस्ते, पाणी, शाळा यांसाठीचं दीर्घ मुदतीचं कर्ज हा बँकेचा प्रांत.

'जागतिक बँकेने मदत दिली' या वाक्यात तर तीन प्रश्न दडलेले असतात. एक, बँक गटातल्या पाच संस्थांपैकी कोणी? आयबीआरडी रोखे विकून पैसा उभा करते आणि व्याजाने देते. आयडीए गरीब देशांना सवलतीचं कर्ज किंवा अनुदान देते. दोन, कर्ज की अनुदान? तीन, आणि हाच प्रश्न सगळ्यात जास्त विसरला जातो: मंजूर झाले की हातात पडले? मंजुरीच्या दिवशी मोठी बातमी होते, पैसा मात्र काम पुढे सरकेल तसा हप्त्याहप्त्याने, काही वर्षांत येतो. मंजूर रकमेला 'मिळाले' म्हणू नका.

आणि नाणेनिधीत 'सगळे देश समान' असंही लिहू नका. तिथे मतं कोट्याप्रमाणे, म्हणजे निधीतल्या देशाच्या आर्थिक वाट्याप्रमाणे असतात. सर्वांत मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मतं लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून अधिक आहेत. हिशेब तुम्हीच करा.

'विकसनशील' कोणाच्या यादीत?

अशी सर्वमान्य यादी नाही. डब्ल्यूटीओत देश स्वतःच स्वतःला विकसनशील म्हणवतो. जागतिक बँक दरडोई उत्पन्नावरून चार गट पाडते आणि दर १ जुलैला ते ताजे करते. अल्पविकसित देशांची यादी संयुक्त राष्ट्रांची. दक्षिण कोरिया बँकेच्या लेखी उच्च उत्पन्नाचा, नाणेनिधीच्या लेखी प्रगत, पण डब्ल्यूटीओत स्वतःला विकसनशील म्हणवणारा. २०१९ मध्ये त्याने पुढच्या वाटाघाटींत विकसनशील देशांच्या सवलती मागणार नाही असं जाहीर केलं. यादीचं नाव न देता हा शब्द वापरला की वाद होणारच.

आकडे जुळत नसतील तर

एका देशाची निर्यात दुसऱ्याच्या आयातीशी जुळत नाही म्हणून लगेच घोटाळ्याचा वास घेऊ नका. निर्यात साधारणपणे जहाजावर माल चढेपर्यंतच्या किमतीने नोंदतात, आयातीत भाडं आणि विमाही धरतात. शिवाय माल वाटेत तिसऱ्या बंदरात उतरून पुढे गेला असेल, तर कोणी त्या बंदराचा देश लिहितो, कोणी मूळ देश.

गरिबी अचानक वाढलेली दिसली तर आधी रेषा तपासा. जून २०२५ मध्ये जागतिक बँकेने अतिगरिबीची रेषा दिवसाला २.१५ डॉलरवरून ३ डॉलर केली. जुन्या अहवालाचा आकडा नव्याशेजारी ठेवला की एका रात्रीत कोट्यवधी माणसं गरीब झाल्यासारखी वाटतात. आणि हे ३ डॉलर म्हणजे बँकेत बदलून मिळणारे डॉलर नव्हेत. ते २०२१ च्या क्रयशक्तीवर, म्हणजे त्या पैशात त्या त्या देशात किती वस्तू येतात यावर, बेतलेले आहेत. बाजारभावाने गुणून 'एवढ्यात दिवस कसा काढायचा' असा परिच्छेद लिहिलात तर तो मुळातच चुकला.

शेवटची एक सवय. 'डुइंग बिझनेस' या, व्यवसाय करणं कुठे किती सोपं ते मोजणाऱ्या जागतिक बँकेच्या अहवालातला देशाचा क्रमांक आजही नव्याकोऱ्या लेखांत सापडतो. २०१८ आणि २०२० च्या अहवालांतल्या माहितीत फेरफार आढळल्यावर बँकेने सप्टेंबर २०२१ मध्ये तो अहवालच बंद केला. त्याच्या जागी आलेल्या 'बी-रेडी'च्या २०२४ च्या पहिल्या अंकात ५० अर्थव्यवस्था होत्या आणि सगळ्यांची मिळून एकच क्रमवारी त्यात नाही. त्यामुळे जुना क्रमांक खोडून तिथे नवा बसवायला गेलात, तर तो मिळणार नाही.