संपर्क फॉर्ममधली माहिती लॉगमध्ये जाऊ नये म्हणून

संकेतस्थळाच्या सर्व्हरचा लॉग (प्रत्येक भेटीची आपोआप होणारी नोंद) वाचताना एका ओळीत प्रश्नचिन्हापुढे कुणाचा तरी ईमेल आणि फोन क्रमांक जसाच्या तसा दिसला, तेव्हा संपर्क फॉर्म मुळापासून तपासायला घेतला. तयार थीमसोबत आलेला तो फॉर्म ‘गेट’ पद्धतीने माहिती पाठवत होता. या पद्धतीत भरलेली प्रत्येक गोष्ट यूआरएलला, म्हणजे पानाच्या वेब पत्त्याला, जोडली जाते, आणि यूआरएल सर्व्हरच्या लॉगमध्ये, ब्राउझरच्या हिस्टरीत, शिवाय बॅकअपमध्येही उरते. एचटीटीपीएस (माहिती कूटबद्ध करून पाठवणारी जोडणी) असूनही हे टळत नाही, कारण ते संरक्षण प्रवासापुरतेच असते.

फॉर्म ‘पोस्ट’ पद्धतीवर नेला, जिच्यात माहिती यूआरएलमध्ये दिसत नाही, आणि जुने लॉग बॅकअपमधल्या प्रतींसह पुसले (हे दुसरे काम सहज राहून जाते, आणि माझ्या मते खरा धोका तिथेच असतो). फोन क्रमांकाचा रकाना तर काढूनच टाकला. उत्तर ईमेलनेच द्यायचे असताना तो मागण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे मला ठामपणे वाटते. आता लॉगमध्ये आयपी पत्त्याचा (भेट देणाऱ्याच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक) शेवटचा भाग शून्य होतो, म्हणजे २०३.०.११३.४७ ऐवजी २०३.०.११३.० एवढेच नोंदले जाते, आणि लॉगरोटेट (लॉगच्या फाइली सांभाळणारे साधन) १४ दिवसांहून जुन्या फाइली आपोआप काढून टाकते. बिघाड शोधायला एवढी नोंद पुरते.