उलटी कृती आधी ठरवा

चाकणच्या कारखान्याची ऑर्डर भोसरीतल्या पुरवठादाराकडे जाते, मग ट्रान्सपोर्टवाल्याकडे, शेवटी बँकेकडे. चार संस्था, चार डेटाबेस. मध्येच काही फसलं तर सगळ्यांवर मिळून एकच रोलबॅक, म्हणजे झालेले बदल एकदम मागे घेणं, चालत नाही. म्हणून प्रत्येक सेवेची उलटी कृती आधीच ठरवा: बुकिंग असेल तर ते रद्द करणं, पैसे घेतले असतील तर परतावा. ओॲसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २००७ मध्ये मंजूर केलेल्या बीपेल २.० या सेवा जोडून प्रक्रिया लिहिण्याच्या भाषेत यासाठी कॉम्पेन्सेशन हँडलर, म्हणजे उलटी कृती लिहायची जागा, आहे. साध्या कोडमध्येही हीच रचना ठेवा.

आणि टाइमआउट, म्हणजे वेळेत उत्तर न येणं, हा नकार नव्हे! समोर काम झालेलंही असू शकतं. प्रत्येक विनंतीला स्वतःचा क्रमांक द्या, पुन्हा पाठवताना तोच वापरा. तो दोनदा आला तरी काम एकदाच होईल, हे भागीदार संस्थेकडून करारातच लिहून घ्या.