ग्रोजिस्किए : लुप्त झालेली बिअर घरी कशी करावी

विस्मृतीत गेलेली बिअर घरी करून पाहायची असेल, तर जिची कृती नोंदींत टिकून आहे अशीच बिअर आधी निवडावी. केवळ नाव आणि स्तुती उरलेल्या बिअरच्या मागे लागल्यास अखेरीस आपलीच कल्पना पेल्यात उतरते. घटकांचा काळही तपासावा. माल्ट, म्हणजे मोड आणून सुकवलेले धान्य, भाजण्याच्या फिरत्या पिंपाचे पेटंट डॅनियल व्हीलर यांनी १८१७ साली मिळवले. त्यामुळे त्या पिंपातले काळे माल्ट घालून केलेली पोर्टर ही गडद इंग्लिश बिअर कितीही रुचकर असली, तरी ती अठराव्या शतकातील लंडनची म्हणता येणार नाही. जुन्या कृतींत सापडली म्हणून खुरासानी ओव्यासारखी विषारी वनस्पतीही घालू नये.

पहिल्या प्रयत्नासाठी पोलंडमधील ग्रोजिस्क गावची ग्रोजिस्किए मला सर्वांत योग्य वाटते. तिचे उत्पादन १९९३ साली थांबले, परंतु घरी बिअर करणाऱ्या पोलिश मंडळींनी तिची कृती आणि यीस्ट यांचा पाठपुरावा केला आणि २०१५ साली ती त्याच गावात पुन्हा तयार होऊ लागली. ओकच्या धुरावर सुकवलेले गव्हाचे माल्ट हाच तिचा प्राण असल्यामुळे तेथे तडजोड करू नये : बीच झाडाच्या लाकडाच्या धुराचे माल्ट जर्मनीतील बांबर्गच्या धुरकट बिअरची आठवण करून देते, तर पीटच्या (दलदलीतील कुजक्या वनस्पतींच्या इंधनाच्या) धुराचे माल्ट व्हिस्कीची.

२० लिटर बिअरसाठी असे सुमारे ३ किलो माल्ट पुरते. गव्हाला टरफल नसल्याने गाळताना लगदा घट्ट बसतो, म्हणून त्यात १५० ते २०० ग्रॅम धुतलेले भाताचे तूस मिसळावे. भरडलेले माल्ट पाण्यात ३८, ५२ आणि ७० अंश सेल्सिअस अशा चढत्या तापमानांवर प्रत्येकी अर्धा तास ठेवावे, मग गाळून निघालेला गोड द्रव दीड तास उकळावा आणि शेवटचा एक तास उरला असता लुब्लिन जातीचे ४५ ग्रॅम हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुले) घालावेत. हॉप्समधील अल्फा आम्ल, म्हणजे कडवटपणा देणारा घटक, ४ टक्क्यांच्या आसपास आहे असे धरून हे प्रमाण दिले आहे. हे आम्ल अधिक असल्यास हॉप्स त्या मानाने कमी करावेत. थंड झालेल्या द्रवाची घनता (पाण्याची १.००० धरून) १.०३० च्या जवळपास असावी. आकडा कमी वाटला तरी साखर घालून तो वाढवू नये, कारण ही बिअर मुळातच हलकी, जेमतेम ३ टक्के मद्यार्काची आहे.

यानंतर द्रवाला लागणारे प्रत्येक भांडे निर्जंतुक केलेले असावे. स्वतःची फारशी चव न सोडणारे एल यीस्ट (तुलनेने उबदार तापमानाला आंबवणारे बिअरचे यीस्ट) घालून १८ ते २० अंशांवर आंबवावे. पूर्वी ही बिअर माशाच्या वाताशयापासून केलेल्या आयसिंग्लासने नितळ करीत; घरी काही दिवस थंड जागी ठेवूनही बराचसा गाळ खाली बसतो.

खरी जोखीम बाटल्या भरताना असते. ही बिअर शॅम्पेनसारखी फसफसती हवी, त्यामुळे दर लिटरला सुमारे १० ग्रॅम साखर लागते आणि एवढा दाब साध्या बाटलीला पेलवत नाही. हायड्रोमीटर या घनतामापकावरील घनता सलग तीन दिवस स्थिर राहिल्यावरच शॅम्पेनच्या जाड काचेच्या बाटल्या भराव्यात, त्या खोलीच्या तापमानाला तीन आठवडे झाकून ठेवाव्यात आणि पहिली बाटली चांगली थंड करून, तोंड आपल्यापासून दूर धरूनच उघडावी.