इंग्लंडमधल्या फ्लॅटची लीज वाढवताना: ८० वर्षांची रेघ आणि खर्चाचा हिशेब

इंग्लंड आणि वेल्समध्ये फ्लॅट घेतला म्हणजे सहसा ठरावीक वर्षांची लीज घेतलेली असते. जमीन आणि इमारत फ्रीहोल्डरची, म्हणजे कायमच्या मालकाची. मुदत घटेल तशी किंमत उतरते, आणि ७०-७५ वर्षांच्या आसपास बऱ्याच बँका कर्ज द्यायला कां-कूं करतात. १९९३ च्या कायद्याने लीज वाढवण्याचा हक्क दिला आहे: उरलेल्या मुदतीवर आणखी ९० वर्षे आणि ग्राउंड रेंट (फ्रीहोल्डरला दरवर्षी द्यायचे भाडे) शून्य. मूळ लीज २१ वर्षांहून जास्त मुदतीची हवी. फ्लॅट दोन वर्षे नावावर असण्याची अट ३१ जानेवारी २०२५ पासून गेली.

आधी वर्षे मोजा. लँड रजिस्ट्रीच्या सरकारी साइटवर टायटल रजिस्टर (मालकीची नोंद) ७ पौंडांत मिळते. एजंटच्या जाहिरातीतल्या आकड्यावर विसंबू नका. ‘२५ मार्च १९८३ पासून १२५ वर्षे’ असे लिहिले असेल, तर मोजणी त्याच तारखेपासून, तुम्ही घर घेतले तेव्हापासून नाही. ही लीज मार्च २१०८ मध्ये संपते, म्हणजे मार्च २०२८ मध्ये ती ८० वर्षांच्या खाली जाते.

ती रेघ महाग का पडते, ते आकड्यांत पाहा. फ्लॅटची फ्रीहोल्डसकट किंमत ३ लाख पौंड आणि ग्राउंड रेंट वर्षाला २०० पौंड, न वाढणारे, असे धरू. ८५ वर्षे उरली असताना पुढच्या सगळ्या ग्राउंड रेंटची आजची किंमत ६ टक्के दराने सुमारे ३,३१० पौंड. मुदत संपल्यावर फ्लॅट परत मिळण्याच्या फ्रीहोल्डरच्या हक्काची किंमत ५ टक्के दराने सुमारे ४,७०० पौंड. लीज वाढवण्यासाठी त्याला द्यायची रक्कम, म्हणजे प्रीमियम, एकूण ८,००० च्या घरात.

आता ७५ वर्षे उरली आहेत असे समजा. हेच दोन भाग १०,९२० पौंडांवर जातात आणि ८० च्या खाली गेल्यामुळे वर मॅरेज व्हॅल्यू लागते, म्हणजे लीज वाढल्याने फ्लॅटच्या किमतीत पडणाऱ्या भरीतला फ्रीहोल्डरचा वाटा. लीज वाढवल्यावर फ्लॅट २,९७,००० चा, आहे तसा २,७०,००० चा, फरक २७,०००. त्यातून फ्रीहोल्डरचे १०,९२० वजा केले की उरतात १६,०८०, आणि त्याचे निम्मे, ८,०४० पौंड, त्याला द्यायचे. एकूण जवळपास १९,०००. दहा वर्षांत दुपटीहून जास्त. दोन्ही बाजूंच्या सर्व्हेअरांची (मूल्यांकन करणाऱ्यांची) खरी घासाघीस होते ती ‘आहे तसा फ्लॅट केवढ्याचा’ या एका आकड्यावर.

लीज वाढवून मागणारी कायदेशीर नोटीस तुम्ही फ्रीहोल्डरला देता, त्या तारखेला किंमत गोठते. त्यामुळे ८१ वर्षे उरली असतील तर वाटाघाटी मागाहून करा, नोटीस आधी द्या. फ्रीहोल्डर ‘बोलून ठरवू’ म्हणत महिने काढत असेल, तर घड्याळ त्याच्या बाजूने चालते आहे.

लीज वाढवण्याच्या कामात मुरलेले सॉलिसिटर आणि सर्व्हेअर घ्या. घरखरेदीचे काम करणाऱ्या प्रत्येकाला हे जमते असे नाही. नोटीस फेटाळली जाते ती अशा चुकांमुळे: भलत्याच फ्रीहोल्डरला पाठवलेली (मध्ये हेडलीज, म्हणजे फ्रीहोल्डर आणि तुमच्यामध्ये आणखी एका लीजधारकाची लीज, असेल तर हे हमखास घडते), दोन मालकांपैकी एकाच्याच नावाने दिलेली, किंवा देऊ केलेली रक्कम हास्यास्पद कमी. १९९८ च्या एका निकालात १०० पौंडांचा प्रस्ताव असलेली नोटीस रद्द ठरली. पुणे-मुंबईत बसून लंडनचा फ्लॅट सांभाळणाऱ्यांना एक सोय आहे: २०१४ पासून सॉलिसिटर तुमच्या वतीने सही करू शकतो.

फ्रीहोल्डर देऊ केलेल्या रकमेच्या १० टक्के किंवा २५० पौंड, जे जास्त असेल ते, अनामत मागू शकतो. उत्तराला त्याला किमान दोन महिने द्यावे लागतात. मुदतीत उत्तर आले नाही, तर तुमच्याच अटींवर लीज मिळवण्यासाठी सहा महिन्यांत कोर्टात जाता येते. उत्तर आले आणि रक्कम जुळेना, तर त्या उत्तरापासून सहा महिन्यांच्या आत फर्स्ट-टियर ट्रायब्युनलकडे (असे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे) अर्ज करायलाच हवा. तारीख चुकली की नोटीस बाद, नवी १२ महिने देता येत नाही, आणि मधल्या काळात ८० ची रेघ गेली तर गेली.

प्रीमियमशिवाय तुमचे सर्व्हेअर-सॉलिसिटर आणि फ्रीहोल्डरचेही, अशी चार बिले तुमच्यावर येतात. साध्या प्रकरणात व्हॅटसकट चार-पाच हजार पौंड बाजूला ठेवा. फ्रीहोल्डरचा टायटल तपासण्याचा, मूल्यांकनाचा आणि लीज करून देण्याचा वाजवी खर्च तुम्ही द्यायचा. त्याच्या वाटाघाटींचा आणि ट्रायब्युनलचा खर्च नाही. बिलात तो घुसवलेला आढळतो, तेव्हा तपशील मागून घ्या.

नोटिशीविना खासगीत वाढवून देण्याचा प्रस्ताव स्वस्त दिसतो. बहुतेक वेळा त्यात मुदत ९९ किंवा १२५ वर्षांपर्यंतच असते आणि मूळ मुदत संपेपर्यंत ग्राउंड रेंट चालूच राहते. कर्ज असेल तर बँकेची संमतीही काढावी लागते. रक्कम खरोखर कमी असेल तरच विचार करा.

२०२४ च्या नव्या कायद्यात ९९० वर्षांची वाढ आणि मॅरेज व्हॅल्यूला फाटा आहे, पण या तरतुदी कायदा मंजूर होताच लागू झाल्या नाहीत. त्यांना वेगळा सरकारी आदेश लागतो. नोटीस देण्याआधी ताजी स्थिती लीजहोल्ड ॲडव्हायझरी सर्व्हिसकडे फुकट विचारा. ८० च्या खाली गेला असाल आणि विकायचे किंवा कर्ज बदलायचे नसेल, तर थांबण्यात फायदा होऊ शकतो. ८१-८२ वर्षे उरली असतील तर थांबणे हा जुगार आहे.

प्रीमियम ४०,००० पौंडांपर्यंत पोचला, तर स्टॅम्प ड्युटीचे विवरणपत्र भरावे लागते. फ्लॅटमध्ये स्वतः राहत नसाल आणि दुसरे घर असेल, तर ५ टक्के जादा दर लागू शकतो. ठाण्यातले किंवा नाशिकमधले घरही त्यात मोजले जाते. सह्या झाल्या की नवी लीज लँड रजिस्ट्रीत नोंदवून घ्या, आणि नवे रजिस्टर काढून त्यात वर्षे बरोबर आली आहेत का ते वाचा.