क्रीडालेखनातला विनोद धावफलकातून वेचावा

१९ डिसेंबर २०२० रोजी अ‍ॅडलेडच्या कसोटीत भारताचा दुसरा डाव ३६ धावांत आटोपला आणि एकाही फलंदाजाला दोन आकडी धावसंख्या गाठता आली नाही. मराठीत लिहिणाऱ्याला अशा वेळी सर्वांत आधी आठवतात ते एकमेकांकडे पाठ फिरवलेले ३ आणि ६, म्हणजेच छत्तीसचा आकडा. कोटी चपखल आहे, पण जी आपल्याला पहिल्या मिनिटात सुचते ती इतर अनेकांनाही त्याच मिनिटात सुचलेली असते. म्हणून ती वहीत टिपून बाजूला ठेवावी आणि पुन्हा धावफलकाकडे वळावे. वीरेंद्र सेहवागचा त्या दिवशीचा विनोद तिथेच दडलेला होता. अकरा जणांच्या धावा ओळीने मांडल्या की ४९२०४०८४०४१ असा क्रमांक तयार होतो, आणि हा डाव विसरण्याचा ओटीपी म्हणून त्याने तो ट्विटरवर टाकला. त्यात त्याने बाहेरून काहीही चिकटवले नव्हते.

विनोद वाक्यात कसा बसवायचा, हे जुन्या सामन्यांवर हात चालवून शिकता येते. ७ जून १९७५ रोजी लॉर्ड्सवर, पहिल्या विश्वचषकाच्या सामन्यात, इंग्लंडने ६० षटकांत ३३४ धावा केल्या आणि भारताला ३ बाद १३२ एवढीच मजल मारता आली. त्यावर पहिला मसुदा बहुधा असा उतरतो: ‘गावसकर यांनी अत्यंत कंटाळवाणी आणि हास्यास्पद खेळी केली.’ इथे वाचकाने कधी हसायचे ते लेखकानेच ठरवून टाकले आहे. विशेषणे काढून असे लिहून पाहावे: ‘विजयासाठी ३३५ धावा हव्या होत्या, सलामीला आलेले गावसकर साठावे षटक संपले तेव्हाही नाबाद होते, १७४ चेंडूंत ३६ धावांवर.’ आकडा शेवटी आला, म्हणून हसूही शेवटी येते. मराठी वाक्य सहसा क्रियापदावर संपते, त्यामुळे ‘३६ धावांवर नाबाद राहिल्याचे दिसून आले’ असे लिहिले तर सगळी गंमत ‘दिसून आले’च्या ओझ्याखाली दबते. अशा वेळी क्रियापद आधी घ्यावे, किंवा ते गाळले तरी अर्थ कळत असेल तर खुशाल गाळावे.

इंग्रजी बातमी समोर ठेवून घाईघाईने मजकूर उतरवताना तिच्यातली कोटीही उचलली जाते, हा दोष मला फार खटकतो. १९९९-२००० च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात अजित आगरकर सलग पाच कसोटी डावांत शून्यावर बाद झाला आणि त्याला ‘बॉम्बे डक’ म्हटले जाऊ लागले. इंग्रजीत डक म्हणजे शून्य आणि बॉम्बे डक म्हणजे बोंबील, म्हणून तिथे ते शोभते. ‘मुंबईचे बदक’ असे भाषांतर केले की मासाही जातो आणि शून्यही. आपल्याकडे शून्याला भोपळा आहे आणि तो फोडताही येतो, तेव्हा त्याच वेलावर शोधावे. याच आगरकरने २००२ मध्ये लॉर्ड्सवर नाबाद १०९ धावा केल्या, हेही टोपणनाव वापरण्यापूर्वी आठवावे.

शीर्षकात विनोद शक्यतो नसावा, कारण ते मजकुराविना मोबाइलवरून मोबाइलवर फिरते आणि संदर्भ सुटला की थट्टा अपमान ठरते.

हसायचे कशाला, हा प्रश्न मात्र लेख पाठवण्यापूर्वी प्रत्येक वेळी विचारावा. निर्णय, डावपेच, सुटलेला झेल, निवड समितीचे धोरण यांवर जरूर लिहावे. खेळाडूचे शरीर, जात, कुटुंब आणि दुखापत यांना हात लावू नये. त्या ओटीपीतला शेवटचा १ मोहम्मद शमीचा होता. ऑस्ट्रेलियाचा गोलंदाज पॅट कमिन्सचा चेंडू हातावर आदळून हाड मोडल्यामुळे तो तंबूत परतला आणि डाव तिथेच संपला. त्या डावावर विनोदाने लिहायचे असेल, तर इतर फलंदाजांच्या चुकलेल्या फटक्यांवर लिहावे आणि शमीसाठी एक साधे, गंभीर वाक्य वेगळे राखून ठेवावे.